कोंबडीनं काय घोडं मारलंय?

या वेळचं पत्र एका मुलाचं आहे, खाली सही केलीये ‘अर्धवट शाकाहारी’. पत्र लांब होतं, थोडं कापून देतेय.

“ताई, मला अरेतुरेच करा, मी 29 वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी रात्री फोन चाळताना पोल्ट्रीच्या शेडमधला एक व्हिडिओ समोर आला आणि दुसऱ्या दिवसापासून मी चिकन-मटण बंद केलं. मासे खातो कारण त्यांना दुखत नाही असं वाचलंय, अंडी खातो, आणि पोट भरल्यासारखं वाटत नाही म्हणून चीज जरा जास्तच खातो. घरी वहिनी रोज टोमणा मारते, भाऊजी दूध चालतं, अंडं चालतं, मासा चालतो, मग कोंबडीनंच तुमचं काय घोडं मारलंय? भाऊ म्हणतो जीवो जीवस्य जीवनम्, तू एकट्यानं सोडून काय फरक पडणारे. त्यात बाबांना डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलंय आणि ते माझ्याकडे बघून चिकन नको म्हणतात. मी ढोंगी आहे का? सगळंच सोडू, का परत सुरू करू? आणि व्हिडिओच्या आधी आणलेलं चिकनचं एक पाकीट फ्रीजरमध्ये तसंच पडलंय, त्याचं काय करू तेही सांगा.”

अरे अर्धवट, पहिल्यांदा माझं सांगून टाकते. मी मासे खाते, अंडी खाते, चिकन वर्षातून मोजून चार-पाचदा, तेव्हा हे उत्तर कुठल्या साध्वीकडून येत नाहीये. आणि ढोंगी वगैरे तू नाहीयेस. ढोंगी माणूस लपून खातो आणि बाहेर प्रवचन देतो, तू तर उघडपणे गोंधळलेला आहेस, ते बरंच बरं आहे. पण वहिनीचा टोमणा मात्र मला आवडला, कारण गंमत अशी की तो बरोबर जागी लागलाय, तिला स्वतःला कळलंय की नाही माहीत नाही.

तुझी चूक काय होतेय सांगू का, तू दोन वेगवेगळे हिशेब एकाच वहीत लिहितोयस. एक हिशेब जिवाच्या दुःखाचा, की हा प्राणी कसा जगला आणि कसा मेला. दुसरा जमीन, पाणी, हवेचा, की हे ताटात यायला काय काय खर्ची पडलं. व्हिडिओ बघितलास तो पहिल्या वहीतला होता, पण पत्राच्या मधल्या भागात (जो मी कापला) तू क्लायमेटबद्दल लिहिलंयस तो दुसऱ्या वहीतला. आणि या दोन वह्या बऱ्याचदा एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. आपल्याला वाटतं चांगलं ते सगळीकडेच चांगलं, तसं इथे होत नाही.

कोंबडीपासूनच बघ. मांसासाठीची ब्रॉयलर कोंबडी साधारण पाच ते सात आठवड्यांत कापतात, म्हणजे ती दिसायला मोठी असते पण वयानं पिल्लूच. तिची जात अशी तयार केलीये की छातीचं मांस भराभर वाढावं, हाडं आणि पाय त्या वेगानं वाढत नाहीत, मग शेवटच्या दिवसांत बऱ्याच कोंबड्यांना वजन पेलत नाही आणि त्या बसूनच राहतात, खाली जे भुश्श्याचं अंथरूण असतं ते विष्ठेनं ओलं झालेलं असतं, त्यातल्या अमोनियानं पायाची कातडी भाजते. कधी कातडीसकट अख्खी सोललेली कोंबडी समोर आली तर तंगडी जिथे पंजाला जोडलेली असते त्या सांध्यापाशी नीट बघ, तपकिरी काळसर चट्टा दिसला तर तो मसाल्याचा नाही, तोच आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं आगीवर पिसं जाळताना लागलं असेल, आणि खरवडत बसले होते.

म्हणजे पहिल्या वहीत कोंबडीचं पान सगळ्यात काळं आहे असं माझं मत. एक तर जगणं असं, आणि वर संख्या. एका गायीपासून 200 किलोच्या वर मांस निघतं, एका कोंबडीपासून दीड-दोन किलो, म्हणजे तेवढ्याच मांसासाठी शंभरच्या वर जीव. जगात वर्षाला 7 हजार कोटींपेक्षा जास्त कोंबड्या कापल्या जातात. आता जगभरचे लोक पर्यावरणासाठी बीफ सोडून चिकनवर येतात, आणि दुसऱ्या वहीत ते शंभर टक्के बरोबर असतं, पण त्याच क्षणी पहिल्या वहीत एका जिवाच्या जागी शंभर जीव चढतात, तेही जास्त हाल झालेले. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही कारण हे पोस्टरवर मावत नाही.

दुसरी वही उघडू. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक या दोघांनी 2018 मध्ये ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापला, 119 देशांतल्या जवळपास 38,700 शेतांची माहिती गोळा करून. त्यात 100 ग्रॅम प्रोटीनमागे किती हरितगृह वायू निघतात याची सरासरी आहे. मांसासाठी पाळलेल्या गुरांचं बीफ साधारण 50 किलो, शेळ्या-मेंढ्यांचं मटण 20, चीज 11, पाळलेले मासे 6, कोंबडी त्याहून किंचित कमी, अंडी 4 च्या आसपास, टोफू 2, आणि वाटाणा अर्धा किलोसुद्धा नाही. परत एकदा वाच. चीज 11, कोंबडी 6 च्या आत. तू चिकन सोडून चीजवर आलास, दुसऱ्या वहीत तुझा खर्च जवळजवळ दुप्पट झाला राव.

कारण सोपं आहे. एक किलो कडक चीज करायला साधारण दहा लिटर दूध लागतं, आणि दूध देणारी गाय रवंथ करते, तिच्या पोटातल्या जंतूंमुळे मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरेतून बाहेर पडतो (लोक दुसऱ्या टोकावरून विनोद करतात, पण ते टोक चुकीचं आहे). मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो पण शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस-तीस पट जास्त तापवतो. म्हैस, शेळी, मेंढी सगळ्या रवंथवाल्या, त्यामुळे मटण सोडलंस ते या वहीत खूप चांगलं झालं, चीज वाढवलंस तिथे गाडी परत घसरली.

आणि दुधाचं वहिनी म्हणते ते अर्धं खरंच आहे. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि झालेल्या वासरांपैकी निम्मे नर, त्यांचं डेअरीत काही काम नसतं. अंड्यांचंही तेच, अंड्यांसाठीच्या जातीचा नर ना अंडी देतो ना लवकर अंगानं भरतो, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी नर पिल्लं मारतात. जर्मनीनं 2022 पासून यावर बंदी घातली, तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखायचं तंत्र वापरतात. म्हणजे दूध-अंडी मांसाच्या धंद्याच्या बाहेर उभी नाहीत, शेजारच्याच खोलीत आहेत. पण म्हणून वहिनीचं गणित, की सगळं सारखंच तर मग सगळंच खा, ते पटत नाही. एक ग्लास दूध आणि सहा आठवडे अमोनियात बसलेली कोंबडी यात फरक आहेच की.

मासे. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण तू मासे खातोस ते ‘त्यांना दुखत नाही’ या भरवशावर. 2003 मध्ये लिन स्नेडन नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि अॅसिटिक अॅसिड टोचून बघितलं. ते मासे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुलत राहिले, खाणं टाकलं, आणि अॅसिडवाले तर ओठ टाकीच्या तळच्या खड्यांवर घासायला लागले. नंतरच्या प्रयोगात मॉर्फिन दिल्यावर हे प्रकार बरेच कमी झाले. आता माशाला आपल्यासारखा मेंदूचा वरचा थर नाही म्हणून त्याला ‘जाणवत’ नाही, नुसती प्रतिक्रिया असते असं म्हणणारे शास्त्रज्ञ अजून आहेत, वाद मिटलेला नाही. पण ओठ खड्यांवर घासणारा मासा एकदा डोळ्यासमोर आला की ‘दुखत नाही’ हे छातीठोकपणे म्हणवत नाही, निदान मला तरी. ब्रिटननं 2022 च्या कायद्यात संवेदनशील प्राण्यांमध्ये पाठीचा कणा असलेले सगळे प्राणी घेतले, म्हणजे मासे आलेच, आणि वर खेकडे, कोळंबी, ऑक्टोपससुद्धा घेतले.

शिवाय संख्या. मासे किलोत मोजतात, नगावर नाही, हीच मोठी सोय आहे. पण अभ्यासकांनी नगाचा अंदाज काढलाय, समुद्रातून-नद्यांतून वर्षाला 1 ते 2 लाख कोटी मासे पकडले जातात, कोंबड्यांचा आकडा त्यापुढे किरकोळ. आणि मरण बहुतेकांचं गुदमरून, डेकवर नाहीतर बर्फात, काही जातींत त्याला मिनिटं नाही, तास लागतात. एकच गोष्ट माशाच्या बाजूनं आहे, समुद्रातला मासा पकडेपर्यंत तरी माशासारखा जगलेला असतो. माझ्या वहीत याला बरीच किंमत आहे. मरण सगळ्यांनाच आहे, पण अख्खं जगणंच शिक्षा असणं वेगळं.

हे झालं पहिल्या वहीचं. दुसऱ्या वहीत मासा कधी हिरो कधी व्हिलन, कोणता मासा आणि कोणत्या जाळ्यात यावर सगळं. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) मोजणीत 1974 मध्ये जगातले 10 टक्के माशांचे साठे प्रमाणाबाहेर उपसलेले होते, 2021 मध्ये ते 37.7 टक्क्यांवर गेले. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची गोष्ट तर प्रत्येक मासेखाऊ माणसाला माहीत पाहिजे. शतकानुशतकं कॉड म्हणजे तिथे न संपणारी गोष्ट, मग जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या ट्रॉलर बोटी आल्या, आवाजाच्या लहरींनी मासे शोधणारं सोनार यंत्र आलं, आणि शेवटच्या वर्षांत साठा खलास होत असतानाही जाळी भरून येत होती, कारण उरलेले मासे एकाच जागी गोळा होत होते आणि यंत्रं त्यांना बरोबर हुडकून काढत होती. जाळं भरतंय म्हणजे समुद्र भरलेला आहे असं सगळे समजून चालले. जुलै 1992 मध्ये कॅनडा सरकारनं मासेमारी बंद केली, दोन वर्षांसाठी म्हणून, तीसेक हजार लोकांचा रोजगार गेला. ती दोन वर्षं संपायला 2024 उजाडलं.

पण उलटंही होतं. अटलांटिकमधला ब्लूफिन टूना नामशेष व्हायच्या वाटेवर होता, पकडायचा कोटा कापला, बेकायदा मासेमारीवर पाळत ठेवली, आणि 2021 मध्ये तो धोक्यातल्या यादीतून बाहेर आला. म्हणजे नियम पाळले तर समुद्र परत देतो. म्हणून ‘मासे खाऊच नका’ असं दुसऱ्या वहीतून म्हणता येत नाही, ‘कोणता मासा’ हे विचारावंच लागतं.

मी एकदा पहाटे बोट रिकामी होताना बघितली होती. ट्रॉलरची बोट, जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेणारी. विकायची मासळी टोपल्यांत गेली आणि मग बाजूला एक ढीग उरला, माझ्या गुडघ्याएवढा. त्यात बोटाएवढी पिल्लं, चिरडलेले खेकडे, दोन समुद्री साप, आणि अशाच जातींची पिल्लं ज्यांची मोठी भावंडं टोपलीत चांगल्या भावानं जात होती. जाळ्याचे आस (म्हणजे भोकं) बारीक, सगळंच येतं. ढीग फावड्यानं भरला, फिशमीलसाठी. फिशमील म्हणजे वाळवून केलेली पूड, ती जाते पाळलेल्या माशांना नाहीतर कोंबड्यांना खायला, आणि आपण ते खातो. त्या दिवसापासून तळ खरवडणाऱ्या जाळ्यातली कोळंबी मी सोडली, फार जीव तुटला, अजून तुटतो. कोळंबीच्या ट्रॉलिंगमध्ये नको असलेली मासळी कोळंबीपेक्षा कित्येक पट निघू शकते.

पाळलेल्या माशांचं असं की आता जगात पाण्यातल्या प्राण्यांच्या एकूण उत्पादनात निम्म्याहून जास्त वाटा पाळलेल्यांचाच असतो, 2022 मध्ये पहिल्यांदा तो पकडलेल्यांच्या वर गेला. त्यात सालमनसारखा मांसाहारी मासा पाळायचा तर त्याच्या खाद्यात दुसरे मासे लागतात, कार्पसारखा शाकाहारी-मिश्राहारी मासा पाळला तर फारसे लागत नाहीत. आणि आता तुला एक गंमत सांगते, दोन्ही वह्यांत पास होणारं काही शोधायचं असेल तर शिंपले. त्यांना मेंदू नाही, नुसते मज्जातंतूंचे गोळे, खाद्य घालावं लागत नाही, पाण्यातलं जे आहे ते गाळून खातात आणि पाणी साफ करतात. फक्त पाणी घाण असेल तर ती घाणही त्यांच्यातच साठते, एवढं बघायचं. जगात असे लोक आहेत जे बाकी सगळं सोडून फक्त शिंपले खातात आणि स्वतःला वीगनच (म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारे) समजतात, त्यांचे वाद ऐकायला मजा येते.

भावाचं जीवो जीवस्य. हे वाक्य जग कसं चाललंय ते सांगतं, कोंबडीला सहा आठवडे कसं ठेवावं ते नाही सांगत. वाघ हरीण खातो पण वाघ हरणांची शेड बांधत नाही. आणि यापुढचा डायलॉग ‘झाडांनाही जीव असतो’ हा येणारच आहे, आधीच उत्तर देऊन ठेवते, प्राण्याला वाढवायला तो देतो त्याच्या कैक पट वनस्पती त्याला खायला घालाव्या लागतात, त्यामुळे झाडांची कणव असेल तर मांस आणखीच कमी करायला पाहिजे. पूअर-नेमेचेकच्या त्याच अभ्यासात होतं की मांस, दूध, अंडी, पाळलेले मासे मिळून जगाला 18 टक्के कॅलरी आणि 37 टक्के प्रोटीन देतात आणि शेतीची 83 टक्के जमीन खातात. यात एक प्रामाणिक पुस्ती जोडायला पाहिजे, त्यातली पुष्कळ जमीन माळरान आहे, तिथे गवताशिवाय काही पिकत नाही, आणि तिथे जनावरं चारून पोट भरणाऱ्या माणसाला मी खुर्चीत बसून शिकवायला जाणार नाही.

एकट्यानं काय फरक पडतो, तर खरं सांगू, थोडाच. युरोपात कोंबड्यांचे जुने कोंदट पिंजरे बंद झाले ते लोकांनी अंडी सोडली म्हणून नाही, 1999 मध्ये कायदा ठरला, 2012 पासून लागू झाला म्हणून. तुला खरंच आतून त्रास होतोय तर ताटाइतकाच वेळ तिकडेही दे, पिंजऱ्याच्या कायद्यावर, जाळ्याच्या आसावर, उगाच कोंबड्यांच्या खाद्यात घातल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सवर बोलणाऱ्या लोकांच्या मागे उभा राहा. घरात मात्र तुझा फरक पडतोच, एकानं बंद केलं की किराण्याची यादी बदलते, हे तू दोन महिन्यांत बघितलंच असशील.

तर करायचं काय. चीज आधी कमी कर, पोट भरायला डाळी, सोया, शेंगदाणे आहेत, पहिले पंधरा दिवस कंटाळा येईल मग जमेल. अंडी खा पण पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांची मिळत असतील तर ती. मासे रोज नको, खाशील तेव्हा समुद्राच्या वरच्या थरातले छोटे, पटकन वाढणारे घे, हळू वाढणारे अजस्र मासे नको, आणि पिल्लं तर नकोच. पोटात गाभोळी भरलेली मोठी मादी दिसली की लोक खूश होतात, पण मोठी मादी तिच्या वजनाच्या मानानंही जास्तच अंडी घालते, ती पाण्यात राहिलेली बरी. लांबून आलंय की जवळून याची फार काळजी करू नकोस, विमानानं आलेलं सोडलं तर वाहतुकीचा वाटा बारीक असतो, काय खातोस हे कुठून आलं यापेक्षा मोठं. आणि बी12 तपासून घे, वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही, गोळी घ्यायला लाजू नको.

सगळंच सोडायचं असेल तर सोड, तेही छान, माझ्यापेक्षा तू पुढचा. पण व्हिडिओच्या धक्क्यात सोडलेलं टिकत नाही असा माझा अनुभव आहे, दोन महिन्यांनी एखाद्या लग्नात माणूस सरळ दोन प्लेटा मारतो आणि मग लाजेनं सगळंच सोडून देतो, म्हणजे सोडणंच सोडतो. हळू कमी केलेलं टिकतं.

बाबांचं वेगळं आहे हां. म्हातारपणी स्नायू झपाट्यानं जातात, जेवण कमी झालेलं असतं, त्यांना थोड्या घासात जास्त प्रोटीन लागतं. ते तुझ्या तोंडाकडे बघून नको म्हणत असतील तर तुझ्या तत्त्वाची किंमत ते भरतायत, तू नाही. आजच सांग त्यांना, बाबा माझं माझ्यापुरतं आहे, तुम्ही खा, आणि नुसतं सांगू नकोस, स्वतः शिजवून वाढ. हात लावायला कसंतरी होईल, होऊ दे.

म्हणजे फ्रीजरमधल्या पाकिटाचंही उत्तर आलंच. ती कोंबडी सहा आठवडे जगली, शेडमध्ये जे भोगायचं ते भोगली, आता तिला कचऱ्यात टाकून तुझा आत्मा शुद्ध होणार असेल तर तसल्या शुद्धीचं काय करायचं ते तूच ठरव. बाबांसाठी सूप कर, वहिनीलाच विचार कसं करायचं, तिलाही बरं वाटेल. फक्त आधी पाकिटावरची तारीख बघ, आणि रात्रीच फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेव, ओट्यावर नको.